ऑलिव्ह तेल आणि आपली कढई

आपल्या शाळेच्या पालकसभेत मुलांच्या गुणांची चर्चा संपली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. घरी रोजच्या स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल वापरावे का? आणि वापरले तर त्यात पुरी-भजी तळलेली चालतात का? मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये नोकरी केली. रेशन तपासून घेणे, नीट साठवणे आणि युनिटच्या लंगरपर्यंत पोहोचवणे हे माझे काम होते. त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. मराठी पानावर जागा मिळाली आहे, तर छात्रांसाठी आणि पालकांसाठी त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

आम्ही महादेवपुऱ्यात राहतो. हा बेंगळुरूच्या पूर्वेचा, व्हाइटफील्डच्या वाटेवरचा भाग. आयटी कंपन्या आणि मॉल यांच्यामुळे इथे देशभरातले लोक येऊन राहिले आहेत. मोठ्या दुकानांत एक अख्खे कपाट ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांचे असते. गल्लीत जरा आत गेले की कानडीत ‘गाणद एण्णे’ अशी पाटी दिसते. गाण म्हणजे आपला घाणा आणि एण्णे म्हणजे तेल. एकीकडे स्पेन-इटलीहून आलेली बाटली आणि दुसरीकडे डोळ्यांसमोर काढलेले शेंगदाण्याचे तेल. पिशवी घेऊन निघालेल्या माणसाने कोणत्या दुकानात शिरावे?

आमच्या शेजारी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त हवालदार राहतात. पेन्शन आणि एका आयटी पार्कमधली सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी यांवर घर चालते. मुलगा वाढत्या वयाचा. दोन वर्षांपूर्वी हवालदारसाहेबांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवावा लागला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने सांगितले, आता ऑलिव्ह तेलच वापरा. वहिनींनी पाच लिटरचा डबा आणला. त्या महिन्यात घरातले दूध कमी झाले आणि फळे बंद झाली, कारण पैसे तेलात गेले. पुऱ्या तळून उरलेले तेल गाळून ठेवले गेले, पुढच्या रविवारी पुन्हा तापले आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. मी विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भावजी, एवढं महागाचं तेल, टाकवतंय का?”

त्यांचे म्हणणे कोणत्याही काटकसरी घरातले आहे. पण त्यातच सगळी गोम आहे. तेलाच्या बाबतीत पहिला प्रश्न, किती खातो? दुसरा प्रश्न, ते किती वेळा तापवतो? कोणते तेल, हा प्रश्न तिसरा. पहिले दोन सोडून नुसता डबा बदलला तर खर्च नक्की वाढतो, हृदयाला फायदा होईलच असे मात्र नाही. हे असे का, ते समजायला आधी ऑलिव्ह तेलाची नीट ओळख करून घेऊ.

फळातून निघणारे तेल

ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राच्या आसपासचे झाड. हिंदी-उर्दूत त्याला जैतून म्हणतात. आपला मोगरा, जाई-जुई आणि पारिजातक त्याच्याच कुळातले. शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल यांचे तेल बियांमधून निघते. ऑलिव्हचे तेल मात्र मुख्यतः फळाच्या गरातून निघते. फळे दळून लगदा करतात, तो सावकाश घुसळतात आणि यंत्रात वेगाने फिरवून पाणी व चोथ्यापासून तेल वेगळे करतात. चांगल्या प्रतीच्या तेलासाठी जास्त उष्णता लागत नाही आणि रसायनही लागत नाही. त्यामुळे फळाचा वास, हिरवट रंग आणि काही उपयुक्त घटक तेलात उतरतात.

बाटलीवर नुसते ‘ऑलिव्ह’ एवढे वाचून भागत नाही, प्रत वाचावी लागते. प्रतींचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषद १९५९ मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय स्पेनची राजधानी माद्रिद इथे आहे. सर्वांत वरची प्रत ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’. हिच्यात मुक्त आम्लाचे प्रमाण १०० ग्रॅममागे ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, शिवाय वास आणि चवीतही दोष चालत नाही. त्याखालची ‘व्हर्जिन’, तिच्यात ही मर्यादा २ ग्रॅम आहे. फळ मार लागलेले, जास्त पिकलेले किंवा साठवून ठेवलेले असले की आम्लता वाढते. लष्करात तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो तेव्हा तिथेही आम्लता हे तेलाची तब्येत सांगणारे एक मोजमाप असते.

ज्या तेलात दोष राहतात ते शुद्धीकरणाला जाते. हे झाले रिफाइंड. त्यात थोडे व्हर्जिन मिसळून जे विकतात, त्याच्यावर नुसते ‘ऑलिव्ह ऑइल’, ‘प्युअर’ किंवा ‘क्लासिक’ असे लिहिलेले असते. ‘लाइट’ किंवा ‘एक्स्ट्रा लाइट’ हा शब्द पुष्कळांना फसवतो. तिथे हलकी असते ती चव आणि रंग. कॅलरी तेवढ्याच असतात. शेवटची प्रत ‘पोमेस’. पोमेस म्हणजे तेल काढून उरलेला चोथा. त्यात शिल्लक राहिलेले तेल द्रावकाच्या मदतीने काढतात, शुद्ध करतात आणि त्यात थोडे व्हर्जिन घालतात. शेजारच्या वहिनींनी आणलेला पाच लिटरचा डबा पोमेसचाच होता. पोमेस खाण्यायोग्य आहे, त्यात काही विष नाही. पण ऑलिव्ह तेलाच्या ज्या गुणांची चर्चा आपण ऐकतो, ती मुख्यतः एक्स्ट्रा व्हर्जिनबद्दलची असते.

हृदयाशी त्याचा संबंध काय?

आठवी-नववीच्या छात्रांनी इथे थोडे रसायनशास्त्र आठवावे. तेल म्हणजे मेदाम्लांच्या साखळ्या. साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये एकही दुहेरी बंध नसेल तर ते संतृप्त मेदाम्ल. एक दुहेरी बंध असेल तर एक-असंतृप्त आणि एकाहून अधिक असतील तर बहु-असंतृप्त. तूप, खोबरेल आणि पामतेलात संतृप्त भाग बराच असतो. खोबरेलात तो सुमारे ९० टक्के आणि पामतेलात जवळपास निम्मा. संतृप्त मेद जास्त खाल्ला तर रक्तातले एलडीएल, म्हणजे धमन्यांना त्रास देणारे कोलेस्टेरॉल, वाढते. त्याची जागा असंतृप्त मेदाने घेतली तर ते कमी होते.

ऑलिव्ह तेलात ओलेइक नावाचे एक-असंतृप्त मेदाम्ल भरपूर असते, जातीप्रमाणे साधारण ५५ ते ८३ टक्के. शेंगदाण्याच्या तेलातही तेच ओलेइक असते आणि ते साधारण निम्म्याच्या आसपास भरते. तिळाच्या तेलात सुमारे ४० टक्के. नेहमीच्या सूर्यफुलात आणि करडईत मात्र बहु-असंतृप्त भाग मोठा असतो. म्हणजे ऑलिव्हचा मुख्य घटक आपल्या घाण्याला परका नाही. ऑलिव्हमध्ये तो जास्त आहे, इतकेच. शिवाय एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये फळातून आलेले पॉलिफेनॉल असतात. चांगले एक्स्ट्रा व्हर्जिन नुसते चाखले तर घशात मिरीसारखे झणझणते. ती भेसळ नव्हे. ऑलिओकॅन्थल नावाच्या घटकामुळे तसे होते. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा घटक आयबुप्रोफेन या वेदनाशामकासारखा सूज कमी करणारा परिणाम करतो. तेल शुद्ध करताना असे घटक बहुतांशी निघून जातात.

या तेलाची कीर्ती वाढवणारा एक मोठा अभ्यास स्पेनमध्ये झाला. त्याचे नाव प्रेडिमेड. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही केंद्रांवरच्या निवडपद्धतीत त्रुटी आढळल्या म्हणून मागे घेऊन नव्या विश्लेषणासह २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा धोका असलेले ७,४४७ लोक त्यात होते. भूमध्य पद्धतीचा आहार आणि सोबत एक्स्ट्रा व्हर्जिन किंवा सुकामेवा घेणाऱ्या गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पण तो आहार कसा होता हे विसरून चालणार नाही. भरपूर भाज्या, कडधान्ये, फळे, मासे आणि त्याबरोबर ते तेल. आपण रोज वडा-पाव खायचा आणि तो वडा ऑलिव्हमध्ये तळायचा, तर त्या अभ्यासाचा आधार आपल्याला घेता येत नाही. आणि स्टेंट बसलेल्या माणसाच्या गोळ्यांची जागा कोणतेच तेल घेत नाही. गोळ्यांचा निर्णय फक्त डॉक्टरांचा.

तळण चालते का?

आता कढईकडे वळू. प्रत्येक तेल एका तापमानाला धुरावू लागते. त्याला स्मोक पॉइंट म्हणतात. एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण १९० ते २१० अंश सेल्सिअसला धुरावते. रिफाइंड ऑलिव्ह, पोमेस आणि रिफाइंड शेंगदाणा तेल २३० अंशांच्या आसपास. आपले घरगुती तळण साधारण १६० ते १९० अंशांत होते. म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये काही तळताच येत नाही, हा समज बरोबर नाही. स्पेनमध्ये आणि ग्रीसमध्ये घरोघरी त्यात तळतात. पण मोठ्या आचेवर कढई विसरली तर ते लवकर धुरावते आणि एवढे पैसे देऊन घेतलेला वास आणि पॉलिफेनॉल त्या उष्णतेत बऱ्याच अंशी वाया जातात.

धुरापेक्षाही महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. दुहेरी बंध जितके जास्त, तितकी हवेतल्या ऑक्सिजनला तेलावर हल्ला करायला जागा जास्त. म्हणून बहु-असंतृप्त भाग जास्त असलेले सूर्यफूल किंवा करडई लांबच्या तळणात लवकर बिघडते, जरी त्यांच्या रिफाइंड तेलाचा स्मोक पॉइंट वरचा असला तरी. एक-असंतृप्त भाग जास्त असलेले तेल जास्त टिकते. या कसोटीवर ऑलिव्ह चांगले उतरते आणि आपला शेंगदाणाही बऱ्यापैकी उतरतो.

तळणाचे तंत्र कळले तर तेलही कमी लागते. कढईत पुरी टाकली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते. ती बाहेर येताना बुडबुडे दिसतात आणि ही वाफच तेलाला आत शिरू देत नाही. तेल पुरेसे तापलेले नसेल तर वाफ जोराने निघत नाही आणि पदार्थ तेल पितो. एकदम पुष्कळ भजी सोडली तर तेल थंड होते आणि तेच घडते. पदार्थाच्या आत जे तेल शिरते, त्यातले बरेचसे तो बाहेर काढल्यावर, थंड होताना शिरते. वाफ विरली की आत पोकळी राहते आणि पृष्ठभागावरचे तेल ओढले जाते. म्हणून झाऱ्यावर पदार्थ नीट निथळून लगेच जाळीवर किंवा कागदावर काढावा. तेल तापले की नाही हे पाहायला पिठाचा बारीक गोळा टाकावा. तो लगेच तरंगत वर आला तर आच बरोबर आहे. धूर दिसला तर आच कमी करायला उशीर झाला असे समजावे.

पुन्हा पुन्हा तापवलेले तेल

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, मग बाटली कोणतीही असो. तळताना पदार्थातले पाणी तेलाचे रेणू तोडते, हवेतला ऑक्सिजन त्यांच्यात शिरतो आणि उष्णतेने तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून जाड होतात. तेल काळपट आणि चिकट होते, त्याला फेस येतो आणि ते आधीपेक्षा कमी तापमानाला धुरावते. अशा तेलात जे पदार्थ साठतात त्यांचे एकत्रित मोजमाप आहे. त्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापेक्षा जास्त झाले की ते तेल खाण्यात वापरायचे नाही. त्याच वर्षी प्राधिकरणाने ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. हॉटेलांचे आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांचे वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करायचे, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या ताटात येणार नाही, हा त्यामागचा उद्देश.

घरी आपल्याकडे ते मोजण्याचे यंत्र नसते. पण प्राधिकरणानेच घरांसाठी सोपा सल्ला दिला आहे. एकदा तळलेल्या तेलात पुन्हा तळू नये. काटकसर करायची तर ते गाळून भाजी-आमटीच्या फोडणीला वापरावे आणि एक-दोन दिवसांत संपवावे. निळसर धूर येऊ लागला किंवा न मोडणारा फेस येऊ लागला तर टाकून द्यावे. टाकतानाही मोरीत ओतू नये, नळ्या तुंबतात. बाटलीत भरून ठेवावे आणि आपल्या सोसायटीत ते गोळा करण्याची सोय असेल तर तिथे द्यावे.

आता वहिनींच्या वाक्याकडे पाहा. तेल स्वस्त असते तर त्यांनी ते तिसऱ्यांदा तापवले असते का? कदाचित नाही. महागामोलाचे असल्यामुळेच ते टाकवले नाही. हृदयासाठी आणलेले तेल अशा रीतीने हृदयाच्या विरोधात जाऊ शकते. म्हणून माझे सरळ मत असे की तळणाला ते तेल घ्यावे जे टाकून देताना हात अडत नाही. कढईत एकदम दोन लिटर ओतण्याऐवजी लहान, खोलगट कढई घ्यावी आणि थोडक्या तेलात थोडे थोडे तळावे. मग उरते तेच मुळी थोडे.

किती आणि केवढ्याला?

प्रत्येक तेलात, मग ते ऑलिव्ह असो की पाम, एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी असतात. पोळी-भाताच्या पिष्टात आणि प्रथिनात ४. म्हणून तर थंड, उंच ठाण्यावरच्या जवानाच्या रेशनमध्ये तेला-तुपाला मान असतो. कमी वजनात जास्त ऊर्जा पाठीवर नेता येते. मेद हा शत्रू नाही. पण ऑफिसात आठ तास बसणाऱ्या माणसाला ते मोजमाप लागू होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दिवसाला २,००० किलोकॅलरीच्या नमुना आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. पोह्यांच्या चमच्याने सांगायचे तर साधारण सहा सपाट चमचे, आणि त्यात फोडणी, पोळीचे तेल, तळण, तूप सगळे आले. मैदानावर घाम गाळणाऱ्या छात्राला ऊर्जा जास्त लागते, त्याला थोडे अधिक चालेल. त्याच्या वडिलांना नाही.

चौघांच्या घराचा हिशेब करू. २७ गुणिले ४ गुणिले ३० म्हणजे ३,२४० ग्रॅम. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास, आणि तेही तूप-लोणी धरून. आता आपापल्या घरी महिन्याला किती लिटर येते ते आठवून पाहा. पाच-सहा लिटर येत असेल, तर कोणते तेल या वादात पडण्याआधी हा आकडा खाली आणणे हा पहिला उपाय आहे. त्याला खर्च नाही, उलट बचत आहे.

आमच्या भागातल्या दुकानांत एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिनच्या किमतीत पॅकबंद शेंगदाणा तेलाचे चार-पाच लिटर सहज येतात. साडेतीन लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन दरमहा घेणे ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. ज्यांना त्यासाठी मुलांचे दूध, फळे, डाळ कमी करावी लागते त्यांनी घेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून दूध काढून वडिलांच्या कढईत ऑलिव्ह ओतणे हा तोट्याचा सौदा आहे.

शेजारच्या घरी आम्ही बसून असाच हिशेब मांडला. भाजी-आमटीला आणि क्वचित तळणाला शेंगदाणा तेल, तळण पंधरा दिवसांतून एकदा, आणि एक्स्ट्रा व्हर्जिनची अर्ध्या लिटरची एकच बाटली. ती फक्त वरून घ्यायला. दूध आणि फळे पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनाही हा बेत दाखवला, त्यांनी होकार दिला आणि मीठ कमी करायला सांगितले.

वरून घ्यायचे तेल

हे ‘वरून घेणे’ आपल्याला नवे नाही. सोलापूरकडे शेंगदाण्याच्या चटणीवर, मराठवाड्यात भाकरीबरोबरच्या ठेच्यावर कच्चे तेल घेतात. मेतकूट-भातावर कुणी तूप घेते, कुणी तेल. एक्स्ट्रा व्हर्जिनची खरी जागा तीच. काकडीची कोशिंबीर, उकडलेल्या हरभऱ्याची किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, लसणाची चटणी, भाजलेल्या वांग्याचे भरीत, यांवर एक चमचा. तिथे त्याचा वासही राहतो आणि गुणही. थालीपीठ, धिरडे, डोसा, आमलेट मध्यम आचेवर त्यात छान होतात. पोहे-उपम्याच्या फोडणीलाही चालते, फक्त तेल धुरावण्याआधी मोहरी टाकावी. साजूक फोडणीच्या पदार्थात त्याचा वास काहींना रुचत नाही. तिथे जबरदस्ती करू नये.

तळणाला शेंगदाणा तेल चांगले. बेंगळुरूत तर शेंगदाण्याचा सण आहे. बसवनगुडीत बुल टेंपलजवळ कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिषे’ भरते. शेतकरी शेंगांचे ढीग घेऊन येतात. सुट्टी जुळली तर छात्रांनी ती जत्रा जरूर पाहावी. राइस ब्रान तेलही तळणाला टिकाऊ आहे. दोन-तीन तेले आलटून पालटून वापरणे उत्तम, कारण प्रत्येकातली मेदाम्ले वेगवेगळी.

भारतात ऑलिव्ह पिकतच नाही असेही नाही. राजस्थान सरकारने इस्रायलच्या मदतीने लागवड सुरू केली आणि बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर इथे २०१४ मध्ये तेल काढण्याचा कारखाना सुरू झाला. तरीही आपल्या दुकानातल्या बहुतेक बाटल्या परदेशी असतात. देश आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यामुळे तेल कमी वापरणे हे घराच्या खर्चापुरते राहत नाही, देशाच्या खर्चाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

विकत घेताना

बाटलीवर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रत कोणती. दुसरी, तारीख. ऑलिव्ह तेल लोणच्यासारखे मुरत नाही, जितके ताजे तितके बरे. तिसरी, बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा आहे का, कारण उजेडाने तेल खवट होते. चौथी, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक. ‘ब्लेंडेड’ असे लिहिले असेल तर ते मिश्रण आहे. नियमाप्रमाणे मिश्रणात प्रत्येक तेल किमान २० टक्के असावे लागते. म्हणजे लेबलावर ऑलिव्हचे चित्र मोठे असले तरी आत ते पाचवा हिस्साच असू शकते. प्रमाण वाचूनच पैसे द्यावेत.

बाटली गॅसशेजारी ठेवू नये. झाकण घट्ट लावावे आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. म्हणून मोठ्या डब्यापेक्षा लहान बाटली बरी. फ्रिजमध्ये ठेवून गोठले तर अस्सल, नाही तर भेसळ, ही परीक्षा भरवशाची नाही. फळाच्या जातीप्रमाणे अस्सल तेलही कधी गोठते, कधी नुसते गढूळ होते. जुन्या मेणाचा किंवा खवट शेंगदाण्यासारखा वास आला तर तेल उतरले असे समजावे, ते कितीही महागाचे असो.

छात्रांसाठी एक काम

छात्रांनो, सुट्टीत घरी गेलात की आई-आजी तुमच्यासाठी पुऱ्या, वडे, चकल्या तळणारच. त्या आनंदाने खा. कवायतीच्या किंवा धावण्याच्या आधी मात्र तळलेले खाऊ नका. मेद पोटातून सावकाश पुढे सरकतो आणि धावताना पोट जड राहते.

त्या सुट्टीत एक छोटी मोहीम हाती घ्या. महिन्याच्या एक तारखेला घरातल्या तेलाच्या डब्यावर पेनाने तारीख लिहा. महिनाअखेर किती लिटर संपले ते मोजा, माणसांच्या संख्येने भागा, मग दिवसांनी भागा आणि ग्रॅममध्ये मांडा. तळणानंतर कढईतल्या तेलाचे काय होते, तेही पाहा. कुणाला दोष देऊ नका, फक्त आकडे वहीत लिहा आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवा. लष्करात कोणतीही मोहीम आखण्याआधी आपल्याकडे काय आहे याची मोजदाद होते. ती मोजदाद तुमच्या घरी झाली की कोणत्या दुकानात शिरायचे, हे तुमच्या आई-वडिलांना कुणाला विचारावे लागणार नाही.